चूक उभ्याने सांगायची

माझा हात लवकर उठतो. आमच्या घराण्यात हे कौतुकाने सांगतात. आजोबांचा उठायचा, वडिलांचा उठायचा, माझाही उठतो. शाळेत मी एकाचे दात पाडले, कॉलेजात दुसऱ्याचं नाक फोडलं. पुण्यात नोकरीला लागल्यावर, गाडीला घासून गेलेल्या एका दुचाकीवाल्याला भर चौकात खाली ओढून बडवलं. म्हणूनच, ज्या दिवशी तो हात उठायला हवा होता त्या दिवशी तो काय करत होता हे लिहिताना मला माझीच कॉलर धरावीशी वाटते. पण सुरुवातीपासून सांगतो.

आमचं शहर समुद्रकाठचं आणि छोटं. तिथे कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात केली ती सरांनी. बंदराजवळ बर्फाचा कारखाना होता, त्याच्या माडीवर त्यांचा क्लास. मुंबईच्या ऑफिसांनी टाकून दिलेली तीन यंत्रं आणि एकेका यंत्रापुढे चौघं. एक टाइप करणार, बाकीचे तिघं त्याच्या चुका पकडायला टपलेले. खाऱ्या हवेने आतल्या बोर्डांवर हिरवा गंज चढायचा आणि सर जुन्या दात घासायच्या ब्रशने तो काढत बसायचे. कुठलंही यंत्र उघडलं की आधी नाक खाली न्यायचं, हा त्यांचा पहिला धडा. "मेल्या, डोळे फसवतात. वास घे. जळलेलं लपत नाही."

वीज सारखी जायची. ती गेली आणि एखाद्याने काम सेव्ह केलेलं नसलं, की सर त्याला उभं करायचे. काय केलं, कसं केलं, कुठे आळस नडला, हे सगळ्यांसमोर उभ्याने सांगायचं. सांगून झालं की बसायचं, आणि त्या दिवशीचा पहिला चहा त्याला. लपवलेली चूक सापडली तर मात्र लाकडी पट्टी. ती पट्टी माझ्याइतकी कुणी खाल्ली नसेल. त्या माडीवर शिकलेली मुलं पुढे बँकांत, कंपन्यांत, परदेशात गेली. आमच्या शहरात आज जी चार कॉम्प्युटरची दुकानं आणि दोन छोट्या कंपन्या आहेत, त्या सगळ्यांच्या मुळाशी ती बर्फाच्या कारखान्याची ओली माडी आहे.

आमची निम्मी पिढी पुण्याला आली. मी हिंजवडीला एका कॉम्प्युटर कंपनीत लागलो. मुलीच्या कॉलेजसाठी सरही आले आणि बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या बोळात त्यांनी फोन दुरुस्तीचं दुकान काढलं. पुढे काउंटर, मध्ये प्लायवूडची आडभिंत, मागे कामाचं टेबल. दर रविवारी सकाळी आमच्या शहरातले लोक तिथे जमत. गावाकडच्या शाळांतले बंद पडलेले कॉम्प्युटर एसटीने इथे येत आणि चालू होऊन परत जात. एका वादळात घराघरांत समुद्र शिरला, तेव्हा भिजलेले फोन पोत्यात भरून आले. आम्ही रजा टाकून ते घासत बसलो. एरवी कंपनीत साधा पंखा बंद झाला तरी तक्रार नोंदवून वाट पाहणारी आम्ही माणसं.

बैठकीची सुरुवात मात्र जुनीच राहिली. आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली असेल तो आधी उभा राहणार, मग तो कितीही मोठा मॅनेजर असो. दुकान काढल्यावर सरांनी त्याला एक जोड दिली होती. "घरात चूक ज्याची त्याची. दारात चूक दुकानाची." गिऱ्हाईक भांडायला आलं तर काम कुणी केलं हे सांगायचं नाही, सरच ऐकून घेणार. नंतर रविवारी काय ते निस्तरायचं.

सर मुसलमान. हे मुद्दाम लिहावं लागतंय याचाच मला संताप येतो, कारण त्या माडीवर हा विषय कधी निघालाच नव्हता. त्यांच्या आईची बोली आणि माझ्या आत्याची बोली एकच. पण पुढचं कळायचं तर हे माहीत असायला हवं.

मी दर शनिवारी दुकानात काम करायला बसायचो. सवय, दुसरं काही नाही. त्या शुक्रवारी संध्याकाळी एक चाळिशीचा गृहस्थ फोन टाकून गेला होता. स्क्रीन फुटलेली, नेटवर्क गेलेलं. पावतीवर त्याने फोन उघडायचा नंबर लिहून दिला होता. शनिवारी सकाळी मी स्क्रीन बदलली, बोर्ड साफ केला. आता गिऱ्हाईक आल्यावर त्याच्या समोरच दुकानाचं वायफाय जोडायचं, हा नियम. सरांनी तो शंभरदा सांगितला होता. मला घाई होती, मी जोडलं.

फोन उघडाच होता. त्याच्या मंडळाचा ग्रुप समोर होता आणि तळाशी त्याने आदल्या संध्याकाळी लिहिलेला मेसेज, शेजारी छोटं घड्याळ. म्हणजे लिहिलाय, पण गेलेला नाही. मंडळाच्या अध्यक्षाच्या आईचा उद्धार होता आणि रागाच्या भरात मंडळाच्या देवालाही सोडलं नव्हतं. कुठेतरी रेंज नसताना गडी भडकला असणार, आणि मेसेज जाण्याआधीच फोन हातातून पडला असणार. मी वाचेपर्यंत घड्याळ गेलं आणि बरोबरची खूण आली. मेसेज गेला होता. मी काय केलं? हसलो. फोन कापडाने पुसला आणि पाकिटात घातला.

दोन वाजता तो फोन घेऊन गेला. साडेचारला दहा-बारा जण आले, तोही त्यांच्यात होता. त्याच्या हातात आमची पावती होती. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी दोनपर्यंत फोन दुकानात, आणि मेसेज आला शनिवारी दुपारी बाराला. मेसेज दुकानातल्या कुणीतरी टाकला असं सांगून त्याने स्वतःची कातडी त्या कागदात गुंडाळून वाचवली होती.

मी आडभिंतीमागे होतो, हातात चालू हीटगन. एका बोर्डावरचा भाग गरम हवेने सोडवत होतो. बाहेर पहिली काच फुटली.

"दुपारी बाराला फोन कुणाकडं होता?" कुणीतरी ओरडलं.

"माझ्याकडे," सर म्हणाले.

"मेसेज कुणी टाकला?"

"कुठला मेसेज?"

थप्पड बसल्याचा आवाज आला. सरांच्या जातीचा उद्धार झाला. मग एक जण अगदी शांतपणे म्हणाला, "आत अजून कोण काम करतं? त्यानं टाकला का?"

मी टेबलाखाली गेलो. गेलो म्हणजे ठरवून नाही, पाय आपोआप मुडपले. दात पाडणारा, नाक फोडणारा, चौकात मर्दुमकी गाजवणारा मी टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलो. फक्त एवढंच ओरडायचं होतं की तो मेसेज फोनवाल्याचा आहे, त्याच्या फोनवर लिहिल्याची वेळ बघा. एका वाक्याचं काम होतं. हीटगनचं तोंड माझ्या गुडघ्याला टेकलं होतं. पँट जळत होती, कातडी जळत होती. मी हललो नाही, कारण हललो तर आवाज झाला असता.

"आत कुणी नाही," सर म्हणाले. "माझ्या दुकानातून गेला ना? मग मीच टाकला."

नंतर त्यांनी सगळं फोडलं. काउंटर, कपाट, गिऱ्हाइकांचे फोन, भिंतीवरचं आमच्या बंदराचं चित्र. सरांना बाहेर ओढलं. त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि वरून लोखंडी शटर खाली ओढलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी सर ओरडले. दुसऱ्या वेळी ओरडले नाहीत, ते मला जास्त ऐकू आलं.

शेजारचे दुकानदार धावले तेव्हा ती माणसं पांगली. मग मी बाहेर आलो. सगळ्यांना वाटलं, मीही धावतच आलो.

दवाखान्यात सरांचा रक्ताने भिजलेला शर्ट कापून काढला आणि खिशातल्या वस्तू माझ्या हातात दिल्या. चष्म्याची एक काडी, किल्ल्या आणि पावतीपुस्तकातून फाडलेला एक कागद. दुकानाकडे राहणारी ती प्रत. तिच्यावर काम करणाऱ्याची सही असते. सही माझी होती. पावती नाचवत ती माणसं बोळात शिरताना सरांनी आधी हे पान फाडलं होतं, शटर ओढायचं सोडून. मेसेज फोनवाल्याचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं असणार, माझ्या हातून काहीतरी झालं. तरी फाडलं.

पोलिसांनी मारहाणीची तक्रार घेतली आणि मेसेजबद्दल सरांवरही गुन्हा नोंदवला. सोडलं, पण पुढल्या सोमवारी चौकीत जबाब द्यायला बोलावलं. सर तिथे काय सांगणार हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानातून गेला, म्हणजे मीच टाकला. आणि त्याखाली डाव्या हाताने सही करून मोकळे झाले असते.

मी काय केलं तेही लिहितो, कारण ते जास्त लाजिरवाणं आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या फोनवाल्याला मी त्याच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर गाठलं. तो एकटा होता, म्हणून माझा हात बरोबर उठला. तोंडावर मारलं, पोटात मारलं, खाली पाडून लाथा घातल्या. तो "चुकलं, चुकलं" म्हणत होता. मारताना मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्याच्या खिशातून फोन निसटला. मी वीट उचलली आणि त्या फोनचा चुरा केला. आतला बोर्ड वाकून दोन तुकडे होईपर्यंत ठेचला. मग विटेची माती झटकताना लक्षात आलं. मेसेज लिहिल्याची वेळ दाखवणारा जगातला एकमेव पुरावा मी ठेचला होता. बारा वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या माणसाने! त्याने तक्रार केली नाही. करून सांगणार काय होता?

आता उरलं फक्त माझं तोंड. ते मी मिटून ठेवलं. मनात हिशेब असा, की आपण बोललो तर ती माणसं आपल्याकडे येतील. बायको आहे, लहान मुलगी आहे, पत्ता शोधायला कितीसा वेळ लागतो? शिवाय सर स्वतःच म्हणाले ना, दारात चूक दुकानाची. त्यांचाच नियम मी पांघरून झोपत होतो. झोप येत नव्हती ती गोष्ट वेगळी.

पुढल्या रविवारी सरांनी बैठक दुकानातच घ्यायला लावली. काचा एका कोपऱ्यात लोटलेल्या होत्या. सर खुर्चीवर बसले होते. हाताला खांद्यापर्यंत प्लास्टर होतं आणि बाहेर आलेली बोटं काळीनिळी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता त्या बोटांत सोल्डरिंगची सळई धरता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. नेहमीसारखं कुणीतरी विचारलं, "या आठवड्यात कोण?" कुणी उठलं नाही. सगळे खाली बघत होते. सर माझ्याकडे बघतही नव्हते आणि तेच मला सोसलं नाही. मी उभा राहिलो.

सांगितलं. नियम मोडून वायफाय जोडलं. मेसेज त्याचाच होता, घड्याळ जाताना मी पाहिलं. हसलो. नंतर त्याला मारलं आणि फोन ठेचला. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. रडूही आलं, ते लपवत नाही. एकीने कपात चहा ओतला आणि रिवाजाप्रमाणे आधी माझ्याकडे केला. मी बसायला वाकलो.

सरांनी डावा हात पुढे करून कप मध्येच अडवला.

"अजून संपलं नाही," ते म्हणाले. "शटर पडलं तेव्हा कुठं होतास, ते राहिलं."

माझा हात जळलेल्या गुडघ्याकडे गेला.

"मेल्या, कापड जळल्याचा वास येत होता मला. मग कातडी जळल्याचा आला. मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही. तू सांग."

मी पुन्हा सरळ उभा राहिलो आणि सांगितलं. टेबलाखाली होतो. पाच-सहा हातांवर होतो. दोन्ही वेळा शटरचा आवाज ऐकला.

सरांनी कप सोडला. "आता हेच उद्या चौकीत सांग," ते म्हणाले. "तिथं चहा मिळणार नाही."

सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी वायफाय, घड्याळ, ठेचलेला फोन सगळं लिहून घेतलं. फोन ठेचल्याबद्दल माझ्यावरही गुन्हा लागू शकतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. मी हो म्हणालो. मग त्यांनी पान उलटलं आणि विचारलं, "मारहाण झाली तेव्हा आपण कुठे होतात?"

मी खुर्चीतून उठलो.

"अहो, बसा ना, बसून सांगा," ते म्हणाले.

मी उभ्यानेच सांगितलं.