पाचवी सवाष्ण

ऐन लगीनसराईत ती मला सोडून गेली, हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय. शिकवलं मी, उभं केलं मी, आणि हात बसल्यावर बाई निघून गेली. ऐकणारे माना हलवायचे. ती का गेली हे कुणी विचारलं नाही आणि मीही ते सांगितलं नाही.

डोंबिवलीला पूर्वेकडे माझं पोळीभाजी केंद्र होतं. चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, तीन शेगड्या, चार बायका आणि मी. नवऱ्याने माजिवड्याला दुसरं घर केलं तेव्हा दोन मुली घेऊन मी बाहेर पडले होते. नोकरीवरून परतणाऱ्या बायकांना पोळ्या बांधून देता देता धंदा उभा राहिला. गूळ, डाळ, तूप कल्याणच्या बाजारातून मी स्वतः आणायचे. तिथले व्यापारी मला लांबून बघूनच वजनकाट्यावर फडका मारायचे. एकदा गुळात खडे निघाले, तर अख्खी ढेप मी दुकानदाराच्या गादीवर आपटून आले होते.

नवरा सोडून गेल्यावर वर्षभर मला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. गळ्यात मंगळसूत्र होतं, नवरा जिवंत होता, तरी माझ्या दारावरून शेजारणी पुढच्या दारात जायच्या. तो राग माझा अजून गेलेला नाही. म्हणूनच ती कामाला आली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, "इथे तुला कुणी वेगळं बसवणार नाही. इथे फक्त पोळी गोल आहे का ते बघतात."

तिशीची असेल. नवरा कावीळ होऊन गेला होता. घरी सासू आणि पाच वर्षांची मुलगी. चाळीत सकाळी कुणी कामाला निघालं की ती दाराआड थांबायची, म्हणजे त्यांना तिचं तोंड दिसायला नको. माझ्याकडे मात्र मी तिला रस्त्याकडच्या खिडकीत बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तिचं लाटणं दिसायचं, आणि तिचं लाटणं बघून गिऱ्हाईक थांबायचं. दोन वर्षं ती त्या खिडकीत बसली. पुढे पुढे गाणं गुणगुणायची. चिरोटे तर असे करायची की पदर मोजून घ्यावेत.

त्या चिरोट्यांमुळेच ठाण्याची ती ऑर्डर आली. मुलीचं लग्न, रुखवताचं सगळं फराळाचं आणि शिवाय दोन्हीकडच्या पाहुण्यांना वाटायचे लाडू. एवढी मोठी ऑर्डर मला तोपर्यंत आली नव्हती. मुलीची आई स्वतः बघायला आली. चिरोटा तोंडात टाकून तिने खिडकीकडे बोट केलं. म्हणाली, "यांच्याच हातचे हवेत हं." मग आणखी एक सांगितलं. घरी जागा नाही, तेव्हा फराळ सुरू करायचा मुहूर्त इथेच करू, पाच सवाष्णींच्या हातून. तिने माणसं मोजली. "तुम्ही पाचजणी आहात ना? सगळ्या सवाष्णी?"

मी म्हटलं, "हो."

खिडकीतलं लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

मला दुसरं काही सुचलं नसतं असं नाही. शेजारच्या कुणालाही तासाभरासाठी बोलावता आलं असतं आणि चिरोटे मागून तिने लाटले असते. किंवा गुळाची ढेप आपटणाऱ्या बाईला एवढंही म्हणता आलं असतं की चिरोटे हवेत तर हात हाच आहे, घ्यायचे तर घ्या. पण मला माझी युक्ती फार आवडली. या लोकांना मंगळसूत्रच बघायचंय ना, मग दाखवू. माझं तरी काय खरं होतं?

मुहूर्ताच्या सकाळी मी तिला मागच्या खोलीत नेलं. माझ्याकडची काळ्या मण्यांची जुनी पोत तिच्या गळ्यात घातली. टिकली लावायला गेले तर घामाने चिकटेना. पदराने तिचं कपाळ पुसून पुन्हा लावली, अंगठ्याने दाबून. ती हलली नाही.

"एक तासाचं तर काम," मी म्हटलं. "आपण त्यांनाच बनवतोय."

"कुणाला, ताई?" तिने विचारलं.

मी लगबगीने पुढच्या खोलीत गेले. बाहेर टॅक्सी थांबल्याचा आवाज आला होता.

मुलीची आई आली, सोबत तिची थोरली नणंद. नणंद मोठी हौशी. नारळ, सुपारी, हळकुंडं मांडून झाली आणि तिने फर्मान काढलं की नाव घेतल्याशिवाय कुणी लाटण्याला हात लावायचा नाही. मी घेतलं. सोडून गेलेल्या माणसाचं नाव कसं घ्यायचं ते मला पाठ होतं, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसं. बाकीच्या तिघींनी घेतलं. मग सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

"लाजतेय बघा," नणंद म्हणाली. "काल लग्न झाल्यासारखी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी थांबवीन असं तिला वाटलं असावं. मी तूप हलवत राहिले. तेव्हा ती खाली बघून हळू, पण स्पष्ट म्हणाली,

"चिरोट्याचे सुटले पदर, तूप बसलं तळाशी,"

आणि पुढे नवऱ्याचं नाव घेऊन,

"यांचं नाव घेते मुहूर्ताच्या दिवशी."

नाव तिने असं घेतलं की जणू तो कोपऱ्यावर दूध आणायला गेलाय आणि आत्ता येईल. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नणंदेने तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, "पाया पड गं, तुझ्या हाताला गुण आहे." ती वाकली. डोक्यावर हात ठेवून नणंद म्हणाली, "अखंड सौभाग्यवती भव."

ती लगेच उठली नाही. बघणाऱ्याला वाटलं असेल, काय संस्कार आहेत. मलाही त्या घडीला हायसंच वाटलं. ऑर्डर पक्की झाली.

ती संध्याकाळपर्यंत लाटत राहिली. जाताना पोत काढून माझ्या डब्यावर ठेवली आणि कपाळ धुतलं. कुंकू गेलं, हळदीचा डाग राहिला. तो मला दिसला होता. पण मी लाडू मोजत होते.

घरी तिच्या सासूने दारातच विचारलं, कुणाच्या नावाचं लावून आलीस. चाळभर गवगवा झाला. हे मला दुसऱ्या बाईकडून कळलं. दोन दिवसांनी आली ती सरळ मागच्या खोलीत, मोरीजवळ बसली. मी म्हटलं, खिडकी रिकामी आहे. म्हणाली, "राहू दे. परत कुणी मोजायला आलं तर तुम्हाला त्रास नको."

मी चिडले. एवढ्याशा गोष्टीचं किती करायचं, इतरांनी तर तुला कामावरही ठेवलं नसतं, असं सगळ्यांसमोर बोलले. तिने रुखवताचं काम पुरं केलं. चिरोटे नेहमीसारखेच होते. त्यानंतर ती आली नाही. मुलीला घेऊन कल्याणला माहेरी गेल्याचं कळलं.

महिनाभराने बाजार आटपून मी तिच्या माहेरी गेले. ती दारात मेथी निवडत होती. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी म्हटलं, पगार वाढवून देते. ती मेथी निवडत राहिली. मी म्हटलं, दिवाळीला साडी देते, मुलीची फी भरते.

"ताई, गुळाच्या दुकानातून थेट आलात वाटतं," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण मला टोचलं. मग जरा वेळाने म्हणाली, "मला खिडकीत बसायला आवडायचं."

"मग ये ना. खिडकी तुझीच."

तिने मान हलवली. "आता मी बसले की तुम्ही माझं कपाळ बघाल."

तिथे एकच वाक्य बोलायचं होतं, माझं चुकलं म्हणून. ते फुकट होतं. मी आकडा आणखी वाढवला. ती नाही म्हणाली तशी तणतणत उठले. पाणी प्यायलेच नव्हते.

त्याच आठवड्यात खिडकीसाठी नवी बाई बघितली. ती दारात उभी होती, अजून आतही आली नव्हती. पोळी येते का, हे मी तिला नंतर विचारलं. आधी विचारलं, "नवरा आहे ना?"

एवढं मात्र मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.