संक्रांतीला आलेली बोट

माझ्या वहिनीला पाहुणा दिसला की राहवत नाही, त्याच्या हातावर काहीतरी ठेवायलाच हवं. लालबागच्या आमच्या चाळीत याचं कौतुक होतं. पण मी तिला ज्या कामात घेतलं, तिथे हाच गुण अंगाशी आला.

काम असं: धक्क्याला परदेशी प्रवाशांची बोट लागली की त्यातल्या काही जणांना बसने राष्ट्रीय उद्यान दाखवून आणायचं आणि बोट सुटायच्या आत परत पोचवायचं. बोट कुणाच्या बापासाठी थांबत नाही. उद्यानाची अटही कडक. खायचं काहीही आत न्यायचं नाही, कारण माकडं अंगावर येतात. म्हणून मी धक्क्यावरच प्रत्येकाची पिशवी तपासायचे आणि वहिनी बसच्या दाराशी माणसं मोजून आत घ्यायची.

त्या दिवशी संक्रांत होती. पिशव्या तपासून मी ड्रायव्हरशी बोलायला वळले, आणि आमच्या बाईसाहेबांनी पर्समधला डबा काढून एकेकाच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला! आपल्याकडे हातावरचा तिळगूळ सरळ तोंडात जातो. खिशात कोण ठेवतं? या लोकांना वाटलं, देवाचं काहीतरी आहे, घरी न्यावं. रुमालात गुंडाळून जपून ठेवले त्यांनी.

उद्यानात एका आजींच्या स्वेटरच्या खिशात माकडाने हात घातला. आजींनी खिसा घट्ट धरला. झालं! मनगटावर नखं ओढली गेली, रक्त आलं. तिथल्या वनरक्षक बाईने आधी नळाखाली साबणाने जखम धुऊन काढली, मग खाली पडलेला लाडू उचलून माझ्यासमोर धरला.

"मॅडम, हे काय आहे? उद्यापासून बोटीचे लोक बंद."

मी वहिनीकडे वळले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "अक्कल गहाण टाकलीस का गं?" ती पांढरीफटक पडली होती.

बाकीच्यांना बसने पाठवलं आणि आम्ही दोघी आजींना घेऊन टॅक्सीने परळच्या एका हॉस्पिटलकडे निघालो. रेबीजचं इंजेक्शन टाळून चालणार नव्हतं. बोट संध्याकाळी कोचीला सुटणार होती आणि आजींचे यजमान, म्हणजे आजोबा, बोटीवरच होते. गुडघा धरल्यामुळे ते सकाळी उतरलेच नव्हते. जीव टांगणीला लागला होता तो माझा. आजी आपल्या निवांत, खिडकीतून पतंग बघत होत्या. मला त्यांचाही राग आला.

हॉस्पिटलात ही गर्दी. वहिनी रांगेतून पुढे घुसली. "ओ दादा, यांची बोट सुटेल ओ!"

"मावशी, इथे सगळ्यांचंच काहीतरी सुटतंय," वॉर्डबॉय म्हणाला. पण त्याने आत घेतलं.

जखमेभोवती सुया टोचल्या तरी आजींनी हूं की चूं केलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, थोडा वेळ इथेच बसवा, त्रास होतो का बघू दे. तेवढ्यात बोटीच्या एजंटचा फोन आला. "शिडी काढतायत. कुठे आहात तुम्ही?" मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, अजून नाही. मला रडू येत होतं आणि रडायलाही वेळ नव्हता.

सोडल्यावर टॅक्सीवाल्याने जी गाडी हाणली! लालबागचा पूल, भायखळा, सगळं भराभर मागे गेलं. वहिनी हात जोडून पुटपुटत होती.

"देवाला कशाला कामाला लावतेस आता?" मी म्हटलं. ती थांबली नाही.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट हलली होती. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाणी दिसत होतं.

आणि गेटपाशी, दोन बॅगा शेजारी ठेवून, काठी टेकत आजोबा एका खुर्चीवर बसले होते.

"ऐकेचनात हो," एजंट म्हणाला. "ती आली नाही तर मीही जात नाही म्हणाले. एवढी शिडी एकटे उतरले."

दिवसभर गप्प असलेल्या आजी त्यांच्यावर तुटून पडल्या. या गुडघ्याने उतरायला कुणी सांगितलं होतं? औषधं घेतलीत का? पडला असतात म्हणजे? आजोबांनी नुसता त्यांचा पट्टी बांधलेला हात धरला. तेव्हा कुठे आजी रडल्या.

आजोबांना उठवेना. गुडघा पार आखडला होता. एका काखेत आजींनी हात घातला, दुसऱ्या काखेत वहिनीने. मी दोन्ही बॅगा उचलल्या.