थानासी अंकलनी सोपवलेले सहा दिवस

फोन वाजला तेव्हा माझ्या हातात दह्याचा चमचा होता आणि समोर एलेनी आंटी तोंड उघडून बसल्या होत्या. फोन इरिनीचा होता, त्यांच्या मुलीचा, हॉस्पिटलमधून. "आंटी, पापा..." एवढंच ती म्हणाली आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. एलेनी आंटींना तोवर माझं नावही आठवेनासं झालं होतं, पण चेहरे मात्र त्या बरोब्बर ओळखायच्या. समोरच्याच्या कपाळावर नुसती आठी पडली तरी घाबरून दाराकडे धावायच्या. म्हणून मी हसले. थानासी अंकल गेल्याची बातमी मी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकली, "ओके बेटा, ओके" म्हटलं, फोन उपडा ठेवला आणि वाटीत उरलेलं दही आंटींना भरवलं.

त्याला आता सात आठवडे होतील. दुबईच्या करामा भागातल्या मराठी घरांमध्ये अंकलना 'चक्केवाले' म्हणत. ते मूळचे ग्रीसचे, तिथल्या एका लहानशा बेटावरचे. तरुणपणी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. दुबईच्या बंदरात अपेंडिक्सचं दुखणं निघालं, त्यांना उतरवून दवाखान्यात ठेवलं आणि ते उठून बसेपर्यंत जहाज निघून गेलं. "जहाज गया, मैं रह गया," असं ते सांगत. पुढे गावी जाऊन एलेनींशी लग्न करून त्यांना घेऊन आले आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर दुकान काढलं. ऑलिव्ह, चीज, कॉफी आणि मागच्या बाजूला फडक्यात बांधून टांगलेलं दही. लग्न होऊन मी इथे आले त्या वर्षी दसऱ्याला ते गाठोडं बघून दुकानातच ओरडले होते, "अहो, हा तर आमचा चक्का!" अंकलना काही कळेना. मग घरी जाऊन श्रीखंड केलं आणि वाटीभर खाली नेऊन दिलं. दह्यात साखर घातलेली बघून एलेनी आंटींनी आधी कपाळाला हात लावला आणि मग उभ्या उभ्या वाटी संपवली. दुसऱ्या वर्षीपासून दसरा-पाडव्याच्या आधी त्या दुकानात वीस-वीस फडकी टांगलेली असायची. इरिनी त्याच दुकानाच्या पायरीवर आमच्या पोरांबरोबर हिंदी शिकली, मोठी झाली आणि शिक्षिका होऊन ग्रीसला गेली. अंकल म्हणायचे, त्यांच्या घराण्यात माघारी गेलेली ती पहिलीच.

आंटींचं विसरणं सुरू झालं त्याला सहा वर्षं झाली. आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, मग रस्ते विसरले, मग माणसं. अंकलनी दुकानाच्या वेळा कमी केल्या. आंटींची आंघोळ, वेणी, जेवण सगळं ते स्वतः करत. बाई ठेवा, असं सगळे सांगत. दोनदा ठेवलीही, पण परकं माणूस घरात दिसलं की आंटी किंचाळायच्या. माझ्याजवळ मात्र बसायच्या. आमचं दार त्यांच्या दाराला लागूनच आहे. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये व्हिसाच्या मेडिकलसाठी जायचं होतं तेव्हा अंकलनी मला विचारलं, "मीना, दो घंटा बैठेगा?" मी आनंदानं हो म्हटलं.

मी फक्त कुकर बंद करायला घरी गेले होते. गॅस बंद केला आणि तेवढ्यात ऑफिसमधून फोन आला. "दोनच मिनिटं" म्हणत मी ओट्याशी उभी राहून अकरा मिनिटं बोलले. परत आले तर शेजारचं दार सताड उघडं. आंटींच्या चपला जागच्या जागी होत्या, आंटी नव्हत्या. बाहेर ऊन असं की पार्किंगमधल्या गाड्यांना हात लावता येत नव्हता... आणि त्या अनवाणी गेल्या होत्या. मी जिने उतरले, गल्ल्या धुंडाळल्या, मेट्रो स्टेशनपर्यंत धावले, प्रत्येक बंदिस्त एसी बसस्टॉपच्या काचेला नाक लावून आत पाहिलं. अंकलना फोन लावला. समोरच्या इमारतीत राहणारी, साइटवर काम करणारी कोकणातली मंडळी रात्रपाळी करून घरी होती. एकही प्रश्न न विचारता ते सगळे चार दिशांना पांगले. अडीच तासांनी त्यांच्यातल्या सावंतांचा फोन आला, "वहिनी, गावल्या! खाडीवर आसत, अब्राच्या धक्क्यावर. होडयेत बसूक बघतत." अब्राच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीच्या, माणसांनी आंटींना सावलीत बसवून पाणी पाजलं होतं. तळपायांवर मोठाले फोड आले होते. त्यांना म्हणे आपल्या बेटावर जायचं होतं.

अंकल मला लागेल असा एक शब्दही बोलले नाहीत. गुडघ्यावर बसून आंटींच्या पायांना मलम लावत होते. मान वर न करता म्हणाले, "गलती मेरा है. मैं किसी को बोला ही क्यूँ." त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर ते मला भेटायचे, दुकानात चक्काही द्यायचे, पण आंटींजवळ बसायला त्यांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. दाराला वरच्या बाजूला नवी कडी लागली.

डिसेंबरमध्ये एकदा लिफ्ट बंद होती. मी जिना चढत होते तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अंकल बसलेले. चेहरा पांढराफटक, हात छातीवर, बाजूला संत्री घरंगळलेली. मला बघितल्याबरोबर ते आधी म्हणाले, "इरिनी को नहीं बोलना." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, तेही लवकर. आठवडाभर हॉस्पिटल, पुढे महिनाभर विश्रांती. "एक हफ्ता," त्यांनी एक बोट वर केलं. "एलेनी किधर?" मी आहे ना, एवढंच वाक्य म्हणायचं होतं, पण मी वाकून एक संत्रं उचललं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनाही ते वाक्य कळलं असावं, कारण त्यांनी नजर वळवली. मी उरलेली संत्री गोळा केली आणि कुणाला न सांगण्याचं वचन दिलं.

त्यानंतरचे चार महिने मी कान टवकारूनच काढले. सकाळी दुकानाचं शटर वर जायची वेळ टळली की हातातलं टाकून खिडकीशी जायचं, जिन्यात काही पडल्याचा आवाज झाला की धावायचं. दर शुक्रवारी इरिनीचा फोन यायचा. "आंटी, पापा ठीक हैं ना?" आणि मी म्हणायची, "एकदम!" खाली दुकानात अंकल एक खोकं उचलून दोनदा थांबायचे. एप्रिलमध्ये एका शुक्रवारी तो फोन ठेवल्यावर माझे यजमान विलास, जे अशा गोष्टींत कधी पडत नाहीत, पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मीना, तू वचन पाळतेयस की स्वतःला वाचवतेयस? त्या पोरीनं 'मग आईला कोण बघेल' असं विचारलं तर तुला 'मी' म्हणावं लागेल, म्हणून तू गप्प आहेस." मी त्यांच्यावर भयंकर चिडले. कारण ते खरं होतं. तासाभरानं इरिनीला फोन करून सगळं सांगितलं.

चौथ्या दिवशी ती आली. अंकल दुकानाच्या दारात उभे होते. टॅक्सीतून उतरणाऱ्या मुलीला त्यांनी पाहिलं, मग वर आमच्या गॅलरीकडे, माझ्याकडे पाहिलं. "तुमने बोला," एवढंच म्हणून पाठ फिरवली. पुढचे नऊ दिवस बापलेकीची भिंतीपलीकडून ग्रीकमधली भांडणं ऐकू यायची. शब्द कळत नव्हते, पण मध्येमध्ये 'एलेनी, एलेनी' ऐकू यायचं. मला वाटलं, आता हा माणूस आपलं तोंड पाहणार नाही.

ऑपरेशनसाठी भरती व्हायचं त्या सकाळी साडेसहाला आमची बेल वाजली. दारात अंकल, इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली. इरिनी खाली टॅक्सीत बसली होती. त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली ठेवली आणि वहीचा एक कागद. कागदावर ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं... दही घरचंच द्यायचं, पाणी कोमट, केस डावीकडून विंचरायचे, रागावली तर गाणं म्हणायचं. "इरिनी उधर रहेगा, मेरे पास," ते म्हणाले. "एलेनी के पास तुम." मला रडू फुटलं. "अंकल, उस दिन मैं..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "खलास. वो दिन खलास." मग लिफ्टमध्ये शिरता शिरता वळून म्हणाले, "छह-सात दिन, बस. फिर मैं आता." तेच शेवटचं.

मी रजा टाकली. ते सहा दिवस मी त्या घरातच राहिले. दाराजवळ सतरंजी टाकून, दाराला पाठ लावून झोपायची. ऑपरेशन नीट झालं होतं. चौथ्या दिवशी अंकल फोनवर आंटींशी बोललेसुद्धा. सहाव्या दिवशी सकाळी हृदय थांबलं.

इरिनीनं आईला सांगून पाहिलं. त्या खूप रडल्या, पंधरा मिनिटांत विसरल्या आणि "थानासी कुठे आहे?" असं पुन्हा विचारू लागल्या. दुसऱ्यांदा सांगितल्यावर पुन्हा तितक्याच रडल्या. मग आम्ही सांगणं सोडून दिलं. सामान बांधताना एकदा मी धीर करून इरिनीला विचारलं, "मी डिसेंबरमध्येच सांगितलं असतं तर?" ती बापाचे शर्ट घडी करत होती. "पता नहीं, आंटी," ती म्हणाली आणि घडी घालत राहिली. ती 'नाही, तुमची काही चूक नाही' असं म्हणाली नाही. तिनं खोटं बोलावं असं मला वाटत होतं, हेही खरं.

मायलेकी ग्रीसला गेल्या. गेल्या आठवड्यात इरिनीचा फोन आला, थकलेला आवाज. "आंटी, रोज दुपारी दीड वाजला की आई बूट घालून दाराशी बसते. उठवायला गेलं की रडते. पापांच्या त्या कागदावर यातलं काहीच नाही..." मला त्या सहा दिवसांत कळलं होतं ते मी तिला सांगितलं; एप्रिलमध्ये इथे असताना ती दुपारभर हॉस्पिटलच्या कामांत असायची, तिला ते दिसलंच नव्हतं. दीड वाजता अंकल दुकान बंद करून वर यायचे, आंटींना बूट घालायचे आणि हात हातात घेऊन आमच्या कॉरिडॉरमध्ये फिरवायचे. लिफ्टपासून टोकाच्या खिडकीपर्यंत, तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला खिडकीशी थांबून म्हणायचे, "फ्तासामे." म्हणजे पोहोचलो, असं चौथ्या दिवशीच्या फोनवर त्यांनीच मला सांगितलं होतं. पहिल्या दुपारी आंटींनीच माझ्या कोपरात हात घालून मला बाहेर नेलं होतं आणि तो शब्दही त्यांनीच म्हटला होता. अंकलनी ते कागदावर लिहिलं नाही. बायकोबरोबर फिरायला जाणं हे त्यांना कामात धरायचं सुचलंच नसेल.

दोन दिवसांनी इरिनीचा पुन्हा फोन. आई आता शांतपणे फिरून येते, जेवते, झोपते. "फक्त एक आहे, आंटी," ती म्हणाली. "चालताना पूर्ण वेळ ती मला थानासी म्हणून हाक मारते. पहिल्या दिवशी मी सांगितलं, मी इरिनी आहे. ती इतकी घाबरली..."

"मग आता काय करतेस?"

"अब मैं हाँ बोलती हूँ, आंटी."