शेऱ्याचा रकाना

कंधारला दादाचं बी-बियाणांचं दुकान आहे. पेरणीचे दिवस होते, काउंटरवर ही गर्दी, आणि त्या गर्दीत त्याने फोनवर यादी उघडली, माझं नाव शोधलं आणि मला नांदेडला फोन केला. नाव आलंय म्हणाला. गिऱ्हाइकांना त्याने पेढे वाटले, मी खोलीवरच्या मैत्रिणींना चहा पाजला. कनिष्ठ लिपिकाच्या परीक्षेत मी पास झाले होते, आता कागदपत्रांच्या तपासणीनंतरची यादी लागली होती. मला जन्मापासून दिसत नाही. दिव्यांगांसाठी जागा एकच होती आणि तिच्यासाठी मी चार वर्षं अभ्यास केला होता.

यादी मी आधी स्वतः उघडून पाहिली होती. माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो, बँकेचे मेसेज, बातम्या, मावशीचे रोज सकाळचे सुविचारसुद्धा. सरकारी यादी उघडली की मात्र तो म्हणतो, "पान एक, चित्र." पुढे "पान दोन, चित्र." असं शेवटच्या पानापर्यंत. म्हणून दादाला सांगावं लागलं होतं.

पाचव्या दिवशी धर्माबादच्या मैत्रिणीचा फोन आला. वाईट वाटलं गं, म्हणाली. मला काही उमगेना. मग कळलं की ती यादी अपात्रांची होती. माझ्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं की दिव्यांग प्रमाणपत्राची मागची बाजू जोडलेली नाही. हरकत घ्यायला सात दिवसांची मुदत होती, त्यातले पाच आम्ही पेढे खाण्यात घालवले होते.

मी दादाला फोनवर नाही नाही ते बोलले. तो बिचारा एवढंच म्हणाला की अख्खी यादी कोण वाचतंय, नाव दिसलं की झालं. खोटं नव्हतं ते. आम्हा न दिसणाऱ्यांना वाचून दाखवणारं प्रत्येक माणूस असंच करतं. त्याला कामाचं वाटेल तेवढं वाचतं, बाकीचं सोडून देतं. भरतीची जाहिरातही चित्रच होती, तीही दादानेच वाचली होती, आणि दोन्ही बाजू जोडायची अट खाली बारीक अक्षरात होती. पण शाळेपासून माझी पुस्तकं मोठ्याने वाचून स्वतःचा घसा बसवून घेणाराही तोच. फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी लातूरला, भरतीच्या कार्यालयात जायला निघाले. लोह्याला दादा चढला. अहमदपूर आल्यावर तो हळूच म्हणाला, चुकलं माझं. मी म्हटलं, तुझं अर्धंच चुकलं, उरलेलं अर्धं कुणाचं ते आता लातूरला जाऊन सांगते.

कार्यालयातल्या बाबूंनी माझ्याबद्दलचे सगळे प्रश्न दादाला विचारले. यांचा अर्ज कधी भरला, यांचं शिक्षण किती. अर्ज माझा आहे, मला विचारा, असं मी सांगितलं. ते वरमले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझा हरकतीचा अर्ज घेतला, मागच्या बाजूची प्रत घेतली, पोच दिली. दादाचा जीव भांड्यात पडला, परतीची गाडी मिळेल म्हणून तो उठला. मी बसून राहिले.

ही यादी तुम्ही तयार कशी करता, एवढंच मी विचारलं. बाबूंनी अभिमानाने सांगितलं. आधी संगणकावर टाइप करायची, मग प्रिंट काढायची, साहेबांची सही घ्यायची, गोल शिक्का मारायचा, कागद स्कॅन करायचा आणि संकेतस्थळावर चढवायचा. म्हणजे जी यादी माझ्या फोनला घडाघडा वाचता आली असती तिचा हे लोक मेहनतीने फोटो काढत होते. टाइप केलेली फाईल कुठे आहे, मी विचारलं. हितंच हाय, म्हणाले, पण ती कच्ची.

"सही-शिक्का न्हाई तर खरी कोण म्हणंल तिला, ताई?"

"शिक्क्याचा कागद राहू द्या की साहेब. त्याच्या शेजारी ही पण चढवा. ती मला माझ्या फोनवर पाठवा, मग बघा."

त्यांनी पाठवली. नशिबाने युनिकोडमध्ये टाइप केलेली होती, जुन्या फॉन्टमध्ये असती तर फोन काहीबाही बरळला असता. मी आवाज मोठा केला. फोन मथळ्यापासून सुरू झाला, मग क्रमांक, नाव, शेरा. बाकड्यावर एक म्हातारबाबा कसल्याशा अर्जासाठी बसले होते. ते बाबूंना म्हणाले, "आमचं बी असंच बोलतं करून ठिवा बाबा, आमाला तर डोळे असून वाचता येत न्हाई." माझं नाव आलं, शेरा आला. स्वतःबद्दलचा सरकारी कागद मी पहिल्यांदाच कुणाच्या मध्यस्थीशिवाय ऐकत होते. मला रडू आलं, तरी फोन बंद केला नाही. तोवर सही करणारे साहेब दारात येऊन उभे होते. दोन्ही फायली चढवा, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. काम पाच मिनिटांचं होतं, फक्त कुणीतरी तिथे बसून राहायला हवं होतं.

महिन्याभराने शेवटची यादी लागली तेव्हा मी कंधारला दुकानातच होते. सही-शिक्क्याच्या कागदाखाली दुसरी फाईल होती. मी कानात इअरफोन घातला. दादाने हातातलं माप खाली ठेवलं, गिऱ्हाइकाला थांबवलं.

"नाव मागून बघू," तो म्हणाला. "आधी वरचं वाच."

कानात ऐकत मी मोठ्याने वाचायला लागले. जावक क्रमांक वाचला, मथळा वाचला, 'अंतिम निवड यादी', त्याखालच्या सगळ्या बारीक टिपा वाचल्या. मग माझं नाव, आणि शेऱ्याच्या रकान्यातलं 'निवड'. दादा म्हणाला, पुन्हा एकदा, पहिल्यापासून वाच, आणि मी एक शब्द न गाळता त्याला सगळं परत वाचून दाखवलं.