पळाली की तापते

थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत माझं लेथचं दुकान आणि शेखरचं गॅरेज यांच्यात एकच भिंत आहे. दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात गाडी आली की दहा मिनिटांत पान्यांची खणखण सुरू होते. शेखरकडे गाडी आली की शांतता पसरते. हा बाबा गाडीसमोर स्टूल टाकून बसतो, गिऱ्हाइकाला चहा पाजतो आणि प्रश्न विचारत सुटतो. अकरा वर्षं मी हे बघतोय आणि अकरा वर्षं माझं डोकं फिरतंय. गल्लीत त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. ते कौतुकाने म्हणत असतील असं मला वाटत नाही.

शेखर मूळचा औशाकडचा. चाकणच्या एका कंपनीत इंजिनांची चाचणी घेणाऱ्या विभागात त्याने चौदा वर्षं कंत्राटावर काढली. काचेपलीकडे इंजिन चालायचं आणि हा अलीकडे बसून काट्यांकडे बघायचा. इंजिनाला हात लावायचा अधिकार फक्त कायम कामगारांना होता, आणि शेखरला त्यांनी शेवटपर्यंत कायम केलं नाही. तिथून तो बाहेर पडला तो बघत बसायची सवय घेऊनच. त्याचा एक प्रश्न मात्र ठरलेला असतो. बिघाड सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचा हात कुणाचा लागला? गिऱ्हाईक म्हणतं, कुणाचाच नाही. शेखर म्हणतो, आठवा.

यंदा जानेवारीत एका गुरुवारी गल्लीत टेम्पो शिरला. वर चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायची, शर्यतीत पळवतात तसली गाडी बांधलेली. टेम्पो चालवत होते दादासाहेब, चाकणजवळच्या गावातले शेतकरी, साठीच्या पुढचे. त्यांचा मुलगा दिग्विजय पुढची सीट मोकळी असताना मागे गाडीला टेकून उभा होता. उतरताना तो तोल सावरत उतरला, तेव्हा दिसलं की त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे.

गाडीचं सगळं सोंग बदललेलं होतं. मोठा पिस्टन, रुंद सायलेन्सर, आणि डाव्या पायाने टाकायचा गिअर दांडा जोडून हातावर घेतलेला.

“पळाली की तापते,” दिग्विजय म्हणाला. “दहा मिन्टांत लाल दिवा. उभी करून चालू ठेवली तर काय न्हाई. तीन महिनं झालं, तीन गॅरेजं झाली. पाणी बदललं, झाकण बदललं, एकानं तर रेडिएटरच मोठा बसवला.”

“हेड गॅस्केट, इंजिनातली पट्टी जळलीय,” मी दारातूनच सांगितलं. “मोठा पिस्टन घातल्यावर दुसरं काय होणार? खोल इंजिन.”

शेखरने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने स्टूल ओढलं. “शेवटचा हात कुणाचा लागला होता?”

“कुणाचाच न्हाई. दिवाळीपर्यंत सरळ पळत व्हती.”

दादासाहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेखरने त्यांना चहा दिला, तेव्हा दिग्विजय म्हणाला, “त्यांना म्हणावं, साखर कमी टाकलीय.” बाप चार फुटांवर उभा होता, तरी निरोप शेखरमार्फत गेला. दादासाहेबांनी कप घेतला आणि मान हलवली.

कारण मला नंतर कळलं. गावाजवळ कारखाना आला तेव्हा दादासाहेबांनी जमीन दिली, आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. दिग्विजयला जायचं नव्हतं. बापाने ऐकलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिथेच माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टखाली त्याचा पाय गेला. त्या दिवसापासून तो बापाशी एक शब्द बोललेला नाही.

“रविवारी ताथवड्याचा एक जण बघायला येतोय,” दिग्विजय म्हणाला. “तोवर कळलं तर ठीक, न्हाईतर देऊन टाकतो. रोज उकळणारी गाडी घेऊन काय करू?” मग जरा थांबून, गाडीच्या सीटवर हात ठेवत तो म्हणाला, “हिच्यावर बसलो ना भाऊ, की मी लंगडत न्हाई. बाकी सगळीकडं लंगडतो.”

 तो पोरगा गाडी विकायला निघाला नव्हता, पाय विकायला निघाला होता. मला शेखरचा आणखीच राग आला. अरे, आता तरी खोल इंजिन!

शुक्रवारी दिवसभर शेखरने गाडी चालू ठेवली आणि बघत बसला. पाइपांना हाताची मागची बाजू लावून बघायचा, परत बसायचा. गाडी तापली नाही. शनिवारी सकाळी बापलेक आले, तेव्हा तो म्हणाला, “मैदानावर घ्या. पळाली की तापते म्हनतो, अन् आपन हिला उभी करून बघायलाव.”

पवना नदीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर दिग्विजयने गाडी काढली. खरं सांगतो, गेटपासून गाडीपर्यंत ज्याला दोनदा थांबावं लागलं, तोच हा माणूस, यावर विश्वास बसेना. धुळीतून वळणं घेत असा सुसाट सुटला की क्रिकेट खेळणारे खेळ थांबवून बघायला लागले. दादासाहेब कुंपणाची तार धरून उभे होते. नवव्या मिनिटाला गाडी वाफ सोडत परत आली.

शेखरने गाडी तशीच चालू ठेवायला सांगितली. माझ्या खिशातला सकाळचा पेपर ओढून त्याने एक पान फाडलं आणि रेडिएटरच्या तोंडासमोर धरलं. पंख्याने समोरची हवा आत ओढायची असते, म्हणजे पान रेडिएटरला चिकटायला हवं. पान उडून शेखरच्या तोंडावर आलं.

पंखा उलटा फिरत होता. उभ्या गाडीत तसंही भागत होतं, पण पळताना समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच तो अडवत होता. तीन गॅरेजांनी पंखा फिरतो एवढंच बघितलं होतं. मीसुद्धा दोन दिवस तेच बघितलं आणि गॅस्केटच्या नावाने बोंबललो.

गाडी बंद करून शेखरने पंख्याच्या वायरी बाहेर ओढल्या. दोन्ही वायरी कापून, अदलाबदल करून जोडल्या होत्या. जोडावर टेप नव्हती. सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून, वर सुतळीने बांधलेली होती. शहरातला कुठलाही मेकॅनिक असा जोड देत नाही. शेखरचे आजोबा विहिरीवरच्या मोटरीला देत असत, असं तो मला नंतर म्हणाला.

तो जोड हातात धरून त्याने दादासाहेबांकडे बघितलं. आवाज अगदी मऊ होता. “काका, विहिरीवरची मोटर उलटी फिरायली, तर काय करता?”

दादासाहेबांनी जोडाकडे बघितलं. मग म्हणाले, “दोन वायरी बदलायच्या.”

दिग्विजय उसळला. “यांनी?” हा शब्दही त्याने शेखरकडे बघूनच उच्चारला. “यांनाच नको व्हती ना माझी गाडी? विचारा त्यांना!”

“मला कशाला नको आसंल?” दादासाहेब म्हणाले. तेही शेखरशीच बोलत होते. “पंख्याची गरम हवा समदी त्याच्या पायावर यायची. खोट्या पायाच्या आत घाम व्हायचा, कातडं सोलायचं. तो सांगत न्हाई कुणाला. पन त्या पायातला मोजा रोज मी धुतो. तो निजला की काढून ठेवलेला घ्यायचा, धुवायचा, सकाळपातूर वाळवायचा. दिवाळीला मोज्याला रगत दिसलं. मला वाटलं, हवा पुढं गेली तर पाय वाचंल. गाडी तापंल हे न्हाई कळलं मला.” त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. “सांगू कुनाला? बोलतो का तो?”

दिग्विजय खाली बसला. दोन वर्षं सकाळी आपोआप स्वच्छ मिळणारा मोजा आई धुते, असं तो समजत होता. मला तिथे थांबवेना आणि हलवेना.

शेखरने जास्त काही बोलून वेळ घालवला नाही. वायरी सरळ केल्या. मग मला म्हणाला, “पत्रा हाय का अॅल्युमिनियमचा? पंख्याची हवा पायाकडून बाजूला वळवायची.” मी दुकानात जाऊन पत्रा कापला, वाकवला, कडा घासून आणल्या. बसवताना दुसऱ्या टोकाला दादासाहेबांनी पत्रा धरला. अलीकडचं टोक दिग्विजयने धरलं होतं. शेखरने स्क्रू आवळायला मुद्दाम वेळ लावला. हे मी छातीठोक सांगतो, कारण अकरा वर्षांत तो स्क्रू आवळायला कधीच रेंगाळलेला नाही.

गाडी चालू केली. कागद रेडिएटरला चिकटला. पंखा जोरात फिरायला लागला, तसे दादासाहेब पुढे झाले आणि जिथे दिग्विजयचा डावा पाय यायचा, बरोबर तिथे त्यांनी तळहात धरला. झळ अजून येते का, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. दोन मिनिटं गेली, पाच गेली. सायलेन्सर तापून लाल व्हायला आला. हात त्याच्यापासून जेमतेम वीतभर होता.

“आबा,” दिग्विजय म्हणाला, “हात काढा. भाजंल.”

शेखरने मान खाली घातली. दादासाहेबांनी हात काढला नाही.

“थांब जरा,” ते मुलाला म्हणाले. “नीट बघू दे मला.”