बिबवेवाडीतला पिवळा दिवा

मिरजेच्या स्टँडवरून पहाटेची एसटी सुटली तेव्हा माझ्याजवळ एक शबनम, डब्यात दोन धपाटी आणि दादाने सांगितलेलं एक काम होतं. पुण्याला मी हौसेने कधी जात नाही. आपण आल्याचा त्या शहराला आनंद होतो, असं मला आजवर जाणवलेलं नाही. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून दादा अंथरुणावर आहे, आणि इतक्या दिवसांत त्याने तोंडाने मागितलेली ही एकच गोष्ट होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तंत्रनिकेतनात शिकवायचा. पुण्यात नोकरीला असताना त्याने बिबवेवाडीच्या एका चौकासाठी घड्याळ करून दिलं होतं. त्याला ना काटे, ना आकडे. गोल तबकडीवर नुसते बारा दिवे. तासाच्या जागचा दिवा लाल लागणार, मिनिटांच्या जागचा हिरवा, आणि हिरवा पाच-पाच मिनिटांनी पुढे सरकणार. तास आणि मिनिट एकाच जागी आले, की लाल-हिरवा उजेड एकमेकांत मिसळून दिवा पिवळा व्हायचा. त्या पिवळ्याबद्दल दादा लेकीच्या कौतुकाने बोलायचा. मी ते घड्याळ कधी पाहिलं नव्हतं.

"अंधार पडला की समोर उभा राहा," मी निघताना तो एकेक शब्द जुळवत म्हणाला. "फोन लाव. वेळ वाच. ही इकडे ताडून बघेल." ही म्हणजे वहिनी. भिंतीवरचं घड्याळ दादाच्या उशामागे आहे, त्याला ते दिसत नाही.

कराड, सातारा, खंबाटकीचा घाट. घाटात समोरच्या बाईंना उलटी झाली आणि माझी शबनम कामी आली. धपाटी आधीच खाल्ली होती हे नशीब. स्वारगेटला उतरलो तर दुपारच, अंधाराला अवकाश होता. म्हणून नारायण पेठेत मिसळ खाल्ली. सॅम्पल (आमच्याकडचा कट) गोडसर होतं. तसं बोललो, तर मालक म्हणाले, "मग कोल्हापूरला जायचं."

तिथून पायी कसबा पेठेत गेलो. तांबट आळीत (तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची वस्ती) एक गृहस्थ घंगाळ ठोकत बसले होते. त्यांना विचारलं, बिबवेवाडीचं दिव्यांचं घड्याळ माहीत आहे का.

"कुठून आलात?"

"मिरजेहून."

"घड्याळ बघायला? तिकडे नाहीत का घड्याळं?" म्हणाले, आणि पुन्हा ठोकायला लागले.

चौथ्या रिक्षावाल्याने बिबवेवाडीला यायची मेहरबानी केली आणि भलत्याच टोकाला सोडलं. चढावर बरीच पायपीट झाली. वाटेतल्या सिग्नलला लाल दिवा होता. स्कूटरवर नवरा-बायको, मध्ये पोर, पुढे दळणाचा डबा, असा अख्खा संसार त्याच्याकडे न बघता निघून गेला.

चौकात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. खांबाच्या बुंध्याला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, आणि वर दादाची तबकडी. बाराच्या बारा दिवे निळे, बाराच्या बारा लागलेले. बराच वेळ पाहिलं. एकही विझला नाही, हलला नाही.

समोर पिठाची गिरणी होती. भुवयांवर पीठ बसलेले गिरणीवाले माझ्याकडे बघत होते.

"हे दिव्यांचं घड्याळ ना?"

"होतं."

"बिघडलं?"

"नाही हो, उत्तम चालायचं. तोच तर घोळ. लाल दिसला की लोकांना सिग्नल वाटायचा. गाड्या थांबायच्या. हिरवा लागलेलाच असायचा शेजारी, म्हणून मागचे हॉर्न मारायचे. मग भांडणं. तक्रारी गेल्या, माणसं आली, सगळे निळे बसवले, कायमचे चालू. आता शोभेचं आहे."

"आणि वेळ?"

"मोबाइलवर असते की."

माझं डोकं फिरलं. खऱ्या सिग्नलला काडीची किंमत न देणारं हे शहर आयुष्यात एका लाल दिव्यासमोर थांबलं, तो माझ्या भावाचा निघाला, आणि ह्यांनी तोच काढून टाकला. भांडावं तरी कुणाशी? गिरणीवाल्यांनी तर फक्त विचारलेलं सांगितलं होतं.

फोन लावायचा नाही असं ठरवत होतो, तोच दादाचाच आला.

"लाल... कुठं?"

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "सातवर."

"हिरवा?"

"दोनवर."

मागून वहिनींचा आवाज आला, "सात-दहा. बरोबर आहे हो." आणि दादा हसला. झटक्यानंतर मी त्याचं हसू ऐकलं नव्हतं.

"पस्तीसला पिवळा होईल," तो म्हणाला. "बघून जा. तिथलं कुणी आहे? दे त्याला."

नाही कसं म्हणू? फोन गिरणीवाल्यांच्या हातात दिला, हात जोडले, डोळ्यांनी विनवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तबकडीकडे.

"बोला... पिवळा? अहो, सगळे निळे आहेत. घड्याळ कधीच बंद केलं." तिकडचा प्रश्न ऐकून, "नाही, ह्यांनाही मघाशी सांगितलंय मी."

पुण्यात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं. ते ऐकणाऱ्याला सोसेल का, एवढं बघायची पद्धत नाही. फोन परत देत ते म्हणाले, "थापा आम्हाला जमत नाहीत."

"दादा," मी म्हणालो.

उत्तर वहिनींनी दिलं, "त्यांनी तोंड फिरवलंय. तुम्ही या आता."

दुसऱ्या दिवशी मिरजेला परतलो. एसटीत पुण्याला मनसोक्त शिव्या घातल्या, पण कराडच्या पुढे त्याही पुरेनात. दिवे त्या शहराने बदलले. बंद घड्याळावरची वेळ वाचायला मला कुणी सांगितलं नव्हतं. दादाला दोन घटका सुख द्यावं म्हणून बोललो आणि जे उरलंसुरलं होतं तेही घालवलं.

दादा माझ्याशी बोलतो. औषध माझ्या हातून घेतो. पण मी अगदी उशाशी बसलेलो असलो, तरी किती वाजले हे विचारायला तो वहिनींना हाक मारून स्वयंपाकघरातून बोलावतो.