कॅनडाहून आलेली गाडी आणि न उघडणारी काच

अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत लागल्यावर दोन वर्षांनी मी जुनी गाडी घेतली. ती कॅनडात वापरून, जहाजाने शारजाच्या बाजारात आली होती. पहिल्याच उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या बाजूची काच उघडेना. रबर उन्हाने मऊ पडून काचेला चिकटलं होतं. बटण दाबलं की दार आतून नुसतं कण्हायचं.

पंचाईत गेटवर व्हायची. बाकीचे काच खाली करून पास दाखवत, मी दार उघडून खाली उतरायचो. गेटवरच्या पठाणाला वाटलं, हा आपल्याला मान देतोय. मग तोही खुर्चीवरून उठायला लागला. रोज सकाळी आम्ही हात मिळवून एकमेकांच्या तब्येतीची विचारपूस करायचो आणि मागची रांग हॉर्न वाजवायची.

शेवटी माझ्या रूमवरच्या काकांनी मनावर घेतलं. काका गुहागरचे, पाइप फिटर, आमच्यात वयाने मोठे. त्यांनी गाडीच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक काढून मला वाचायला लावलं. काच अडकण्यावर त्यात अख्खं पान होतं, पण बर्फाने अडकण्यावर. इंजिन चालू करा, हीटर लावा, वीस मिनिटं थांबा.

"लाव हीटर," काका म्हणाले.

"काका, जून चालू आहे."

"बर्फाने चिकटो नाहीतर उन्हाने, चिकटलं ते चिकटलं. पुस्तक लिहिणारे काय येडे आहेत?"

शुक्रवारच्या दुपारी आम्ही दोघं गाडीत बसलो आणि हीटर लावला. काकांचा बनियन पिळून काढण्यासारखा झाला.

"किती झाली?"

"चार मिनिटं."

"खलास," म्हणून ते दार उघडून बाहेर पडले.

भिंतीच्या आडोशाला बसल्यावर मला सुचलं की थंडीवर गरम, तर गरमीवर थंड. मेसमधून बर्फ आणला, टॉवेलात गुंडाळून रबरावर धरला. जरा वेळाने बटण दाबलं. टर्रकन काच सुटली आणि थेट दाराच्या पोटात गेली.

"आता वर घे," काका म्हणाले.

ती वर येईना.

शनिवारी डोक्याला टॉवेल बांधून, वाळू खात मी गेटवर पोचलो आणि खिडकीतून पास पुढे केला. पठाण उठून, हात पुढे करून उभा होता. त्याने पास पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आज उतरे नहीं, साब? कोई गलती हुई हमसे?"

मला इतकी लाज वाटली की खरं कारण सांगवेना. गुडघा दुखतोय म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी गावच्या तेलाची बाटली आणली. मग महिनाभर मी रोज गाडीतून उतरून त्याच्यासमोर लंगडलो.

काच आठवड्याने केरळच्या एका मेकॅनिकने बसवली. नवीन रबरावर पावडर चोळत त्याने सांगितलं, गाडी सावलीत लावत जा. आम्ही राहायचो त्या कॅम्पात सावली एकच, पाण्याच्या टाकीची, आणि तिथे मॅनेजरची गाडी असायची. मग मी दिवसा काच दोन बोटं उघडी ठेवायला लागलो, आणि संध्याकाळी सीटवरची रेती झाडायला.